चेन्नई : लहरींच्या वाटेवरचे शहर

वाचकहो, एखाद्या शहराची ओळख करून घ्यावयाची झाल्यास कोणी तेथील देवळे पाहतो, कोणी बाजारपेठ हिंडतो, तर कोणी उपाहारगृहांचा शोध घेतो. चेन्नईस, म्हणजे पूर्वीच्या मद्रासला, गेल्यावर ही तिन्ही कामे आपण अवश्य करावीत. परंतु या शहराची एक निराळी ओळख त्याच्या गच्च्यांवरून होते, आणि आज आपणांस तीच करून द्यावयाची आहे. मैलापूर किंवा तिरुवल्लिक्केणी यांसारख्या जुन्या वस्त्यांत घराच्या उघड्या गच्चीला ‘मोट्टै माडी’ म्हणतात. तेथे पापड वाळतात, मुले पतंग उडवितात, उकाड्याच्या रात्री माणसे निजतात; आणि दूरवरून येणाऱ्या ध्वनिलहरी व चित्रलहरी पकडण्यासाठी उभारलेल्या दांड्या, काठ्या व तबकड्याही तेथेच असतात. या शहराने आकाशातून येणारी वार्ता घरात कशी आणली, हे कळले म्हणजे आपल्या स्वतःच्या घरात, किंवा आजकाल काही कुटुंबे ज्यातून प्रवासास निघतात त्या चाकांवरच्या घरात, चित्र का फुटते आणि आवाज का खरखरतो, हेही आपोआप उमगते.

सपाट भूमी आणि उंचीचा शोध

चेन्नईची भूमी तळहातासारखी सपाट आहे. पूर्वेस बंगालचा उपसागर, पश्चिमेस मैदान, आणि मध्ये अड्यार व कूवम या दोन संथ नद्या. विमानतळाजवळची परंगिमलै, म्हणजे इंग्रजी अमदानीतील सेंट थॉमस माउंट, ही सुमारे तीनशे फुटांची टेकडी वगळली तर शहरात चढावे असे फारसे काही नाही. याच टेकडीच्या पायथ्याजवळ १८०२ साली विल्यम लॅम्बटन या सैनिकी अधिकाऱ्याने सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा साखळीने मोजली. पुढे हिमालयापर्यंत पोहोचलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा तो पाया होय.

या मोजणीचे सारे शास्त्र एका साध्या अटीवर उभे होते : एका ठिकाणाहून दुसरे ठिकाण दिसले पाहिजे. डोंगराळ मुलखात ते सोपे असते. तंजावरच्या सपाट भातखाचरांत मात्र लॅम्बटनला उंची मिळेना. तेव्हा १८०८ साली त्याने आपले सुमारे अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र बृहदीश्वराच्या देवळावर चढविण्याचा घाट घातला. दोर तुटला, यंत्र आदळले आणि त्याची धातूची चकती वाकली. त्याने ती खटपट करून पुन्हा सरळ केली आणि काम पुढे चालविले. तंजावरच्या गादीवर त्या वेळी भोसले कुळातील दुसरे सरफोजीराजे होते, हे मराठी वाचकांस सांगावयास नकोच. लॅम्बटनचा अंत १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. चेन्नईस आरंभिलेली त्याची रेषा अशी विदर्भाच्या मातीत येऊन थांबली.

ही हकीकत येथे सांगण्याचे कारण असे, की दूरचित्रवाणीच्या लहरींचेही असेच आहे. त्या प्रकाशाप्रमाणे बहुतांशी सरळ जातात आणि पृथ्वी मात्र गोल आहे. मरीना किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला समुद्राचे क्षितिज अवघे साडेचार किलोमीटरांवर दिसते. त्याच किनाऱ्यावरील दीपगृह १९७७ साली कार्यान्वित झाले. त्याच्या सुमारे पंचेचाळीस मीटर उंचीवर गेल्यास तेच क्षितिज चोवीस किलोमीटरांपर्यंत सरते. उंची मीटरांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास ३.५७ ने गुणावे, म्हणजे क्षितिजाचे अंतर किलोमीटरांत मिळते. हवेतून जाताना लहरी किंचित खाली वाकतात, म्हणून त्यांच्यासाठी ३.५७ ऐवजी सुमारे ४.१२ हा आकडा धरतात.

या हिशेबातून एक उपयोगी गोष्ट निघते. प्रक्षेपणाचा मनोरा शंभर मीटर उंच आणि आपली काठी दहा मीटर उंच असेल, तर दोहोंमधील पल्ला सुमारे चोपन्न किलोमीटर होतो. काठी दुप्पट केली तरी पल्ला फक्त पाच-सहा किलोमीटरांनी वाढतो. म्हणजे नुसती उंची वाढवीत जाणे हा रामबाण उपाय नाही. शेजारची इमारत, झाडे किंवा पाण्याची टाकी यांच्या आडून बाहेर निघण्यापुरती उंची मिळाली, की पुढचे काम दिशा, तार आणि जोड यांचे असते.

शहराने कान कसा लावला

भारतात नभोवाणीची हौस प्रथम ज्या शहरांनी धरली त्यांत मद्रासचे स्थान मानाचे आहे. महापालिकेतील अभियंते सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने १९२४ साली तेथे ‘मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब’ स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याने ध्वनिक्षेपण सुरू केले. मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र उघडले ते २३ जुलै १९२७ रोजी, म्हणजे त्यानंतर तीन वर्षांनी. परंतु हौसेला पैशाचे पाठबळ लागते. ते न मिळाल्यामुळे १९२७ साली क्लबाचे काम थांबले आणि यंत्रसामग्री महापालिकेकडे गेली. महापालिकेने १९३० पासून ती पुन्हा चालविली. ज्यांच्या घरी ग्रहणयंत्र नव्हते अशा नागरिकांसाठी मरीनावर व उद्यानांत ध्वनिवर्धक बसविण्यात आले. संध्याकाळी वाळूत बसून हजारो माणसे एकाच वेळी गाणे ऐकत असतील, ते दृश्य आपण मनाशी रंगवावे. पुढे १६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू झाले आणि महापालिकेचे हे कार्य त्यात विलीन झाले.

त्यानंतरचे दोन टप्पे तितकेच संस्मरणीय आहेत. २३ जुलै १९७७ रोजी देशातील पहिले एफ. एम. ध्वनिक्षेपण मद्रास येथून झाले. त्याच्या दोन वर्षे आधी, १५ ऑगस्ट १९७५ रोजी, मद्रासचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले होते. मुंबईस दूरचित्रवाणी १९७२ साली आली आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे पुण्याला ती दिसू लागली. पुण्याला सिंहगड लाभला; मद्रासला तसा गड नव्हता. तेथे ज्याने त्याने आपल्या गच्चीलाच गड मानले.

त्या काळातील ती ॲल्युमिनियमची फणी आपणांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. तिच्या दांड्यांची लांबी मनास येईल तशी घेतलेली नसे. चौथ्या वाहिनीच्या लहरी ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात येतात. त्यांची लांबी सुमारे साडेचार मीटर असते, आणि मुख्य दांडी तिच्या निम्म्या मापाची, म्हणजे सव्वादोन मीटरांच्या आसपास ठेवावी लागते. समोरच्या आखूड दांड्या लहरीला वाट दाखवितात, मागची लांब दांडी ती परतविते. फणीचे तोंड मनोऱ्याकडे नसेल तर थेट लहरीबरोबर एखाद्या भिंतीवर आपटून उशिराने आलेली लहरही आत शिरते आणि पडद्यावर प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याची सावली उभी राहते. ‘दिसतंय का?’ असे गच्चीवरून कोणी ओरडावे आणि ‘थोडं डावीकडे!’ असे खालून उत्तर यावे, हा संवाद मद्रासपासून मालवणपर्यंत सर्वत्र सारखाच होता. भाषा तेवढी निराळी.

समुद्रापलीकडचे चित्र

आता एक नवल ऐकावे. श्रीलंकेची ‘रूपवाहिनी’ ही दूरचित्रवाणी फेब्रुवारी १९८२ मध्ये सुरू झाली. तिचे मुख्य प्रक्षेपण पिदुरुतलागल या त्या बेटावरील सर्वोच्च शिखरावरून होते. ते शिखर अडीच हजार मीटरांहून थोडे अधिक उंच आहे. वरच्या हिशेबाने त्याचा पल्ला दोनशे किलोमीटरांच्या आसपास येतो, आणि तेथून मद्रास तर पावणेसातशे किलोमीटर दूर. तरीही १९८०च्या दशकात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आणि खुद्द मद्रासमध्येही उंच काठ्या व विजेवर चालणारे ‘बूस्टर’ लावून लोक रूपवाहिनी पाहत. काही दिवशी चित्र आरशासारखे स्वच्छ येई, तर काही दिवशी नुसते पांढरे ठिपके.

यात चमत्कार नसून हवेची करणी आहे. समुद्रालगतची हवा दमट व थंड, आणि तिच्यावर जमिनीकडून आलेली कोरडी व उष्ण हवा, असा थर कधी कधी जमतो. मग लहरी वर निसटून न जाता त्या थराखाली वाकत वाकत, जणू नळीतून, शेकडो किलोमीटर वाहत जातात. उन्हाळ्याच्या शांत दिवसांत हे अधिक घडते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील जुन्या प्रेक्षकांनाही अरबी समुद्रापलीकडील चित्रे अशीच अवचित दिसली आहेत. वारा सुटला, थर मोडला, की नळी फुटते आणि चित्र जाते. अशा वेळी काठी हलविणाऱ्याचा काही अपराध नसतो. आपल्या यंत्राचा दोष कोणता आणि हवेचा कोणता, हे ओळखणे ही दुरुस्तीची पहिली पायरी होय.

या गच्च्यांवरून एक गोष्ट मात्र फार काळ मिळत नव्हती, आणि ती म्हणजे मराठी. भोसल्यांच्या काळापासून तमिळ देशात मराठी बोलणारी कुटुंबे नांदत आली आहेत. नोकरी-व्यवसायानिमित्त गेलेल्यांची भर त्यात पडत राहिली. त्यांच्या गच्चीवरील फणीला तमिळ कळे, कधी सिंहलीही कळे. पण मुंबईचे मराठी कार्यक्रम तेथवर पोहोचणे शक्य नव्हते. १९९४ साली दूरदर्शनची मराठी वाहिनी उपग्रहावर गेली आणि आज ‘सह्याद्री’ या नावाने आपण जिला ओळखतो ती वाहिनी क्षितिजाचा अडसर ओलांडून थेट आकाशातून उतरू लागली. दरम्यान जमिनीवरील जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणाचे दिवस संपत आले. दूरदर्शनने आपले असे बहुतेक सर्व प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद केले. फणी गेली आणि तबकडी राहिली.

चाकांवरचे घर

चेन्नईहून समुद्राच्या कडेने दक्षिणेस जाणारा पूर्व किनारा मार्ग मुट्टुकाडूची खाडी ओलांडून, कोवळम् मागे टाकून, सुमारे पंचावन्न किलोमीटरांवर महाबलिपुरम्‌ला पोहोचतो. पुढे पुदुच्चेरी. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सुरूची बने, मिठागरे व ताडांच्या रांगा. निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या मोटारगाडीतून, म्हणजे कॅरव्हॅनमधून, अशा रस्त्याने कुटुंबासह जाण्याची आवड आपल्याकडेही वाढत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. आपण अशा घरातून मुंबईहून चेन्नईस गेलात आणि तेथे पोहोचल्यावर दूरचित्रवाणी मुकी झाली, तर गोंधळून जाऊ नये. क्रमाने पाहत जावे.

प्रथम दिशा पाहावी. दूरदर्शनची विनामूल्य ‘फ्री डिश’ सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून मिळते. तो विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर भासतो. मुंबईहून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर असतो. चेन्नईहूनही तो आग्नेयेसच, होकायंत्रावर उत्तरेपासून सुमारे १३४ अंशांवर येतो. परंतु त्याची उंची ६८ अंश होते. म्हणजे मुंबईस बसविलेली तबकडी चेन्नईत दहा अंश खाली पाहत राहते. साठ सेंटिमीटरांच्या तबकडीला दीड अंशाची चूकही निम्मी शक्ती गमवावयास पुरते. मग दहा अंशांची काय कथा!

दुसरी गोष्ट, गाडी सपाट जागी उभी करावी. किनाऱ्यावरील वाळूत एक चाक रुतले तरी छपरावरील खांब कलतो आणि तबकडीवर कोरलेले अंशांचे आकडे खोटे ठरतात. खांब उभा आहे की नाही हे गवंड्याच्या ओळंब्याने तपासावे. ओळंबा नसेल तर दोऱ्याला किल्ली बांधली तरी काम भागते. आपल्याकडील बहुतेक तबकड्या तिरक्या घडणीच्या असतात. त्या जेथे पाहतात असे डोळ्यांस वाटते, त्याहून वीस-पंचवीस अंश वर त्यांची नजर असते. म्हणून तबकडीच्या रोखावरून अंदाज न करता मागील मापपट्टीवरच विश्वास ठेवावा.

तिसरी गोष्ट, आकाश मोकळे असावे. उपग्रह इतका उंच असल्यामुळे दूरची झाडे आड येत नाहीत. परंतु अगदी डोक्यावर झुकलेला माड किंवा सुरूची फांदी येते. सावलीसाठी झाडाखाली गाडी लावण्याचा मोह आणि चित्राची अपेक्षा, या दोहोंपैकी एकाच गोष्टीची निवड करावी लागते.

चौथी गोष्ट तारेची. समुद्रावरील खाऱ्या हवेत तांबे हिरवट पडते आणि जोड कुजतात. प्रवासाच्या हादऱ्यांनी ते सैलही होतात. जोड उघडून पाहावा, बाहेरच्या जाळीचा एखादाही तंतू मधल्या तारेस टेकलेला नसावा. जोडावर रबरी चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी. तार गाडीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळाच्या टोकावरून ठिबकून जाईल आणि आत येणार नाही.

पाचवी गोष्ट विजेची. तबकडीच्या तोंडाशी असलेल्या ग्राहक-डबीला तारेतूनच तेरा ते अठरा व्होल्ट वीज जाते. गाडीची बॅटरी उतरलेली असेल तर ही वीज अपुरी पडते आणि तबकडी अचूक लागूनही पडदा रिकामा राहतो.

या सर्व कामांत एक नियम पाळावा : एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि तिचा परिणाम पाहूनच दुसरीस हात घालावा. दिशा, तार व बॅटरी तिन्ही एकदम हलविणाऱ्यास चित्र मिळाले तरी दोष कोठे होता ते कळत नाही, आणि दुसऱ्या मुक्कामी तोच घोळ पुन्हा होतो. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. जुन्या पद्धतीचे चित्र हळूहळू बिघडे; माणसे अंधूक तरी दिसत. आजचे अंकीय चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि मग एकाएकी चौकोन चौकोन होऊन नाहीसे होते. म्हणून चित्र दिसू लागताच थांबू नये. पडद्यावरील शक्तिदर्शक पट्टी जास्तीत जास्त भरेपर्यंत तबकडी केसभर सरकवीत राहावी.

वार्ता पोहोचली पाहिजे

इतका खटाटोप केवळ करमणुकीसाठी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर चेन्नईचा समुद्रच देतो. या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो, आणि उपसागरातील चक्रीवादळेही याच सुमारास. २०१५ च्या डिसेंबरात शहर पुरात बुडाले. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ वादळाने हजारो झाडे पाडली. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’च्या पावसाने पुन्हा तीच दैना केली. या प्रसंगी वीज गेली, आणि पुष्कळ ठिकाणी हातातील मोबाईलही निरुपयोगी झाले. तबकडीचाही मुसळधार पावसात भरवसा नसतो, कारण तिच्या अतिलघु लहरी पावसाच्या थेंबांत विरून जातात. हा दोष कोणत्याही दुरुस्तीने जात नाही. सर ओसरण्याची वाट पाहावी लागते. वादळी हवेत तबकडी सरळ करण्यासाठी छपरावर मुळीच चढू नये. वीज पडण्याचा व वाऱ्याने पाय घसरण्याचा धोका चित्राहून फार मोठा आहे. खांब आधीच उतरवून ठेवावा, आणि तो चढविताना वा उतरविताना डोक्यावर विजेच्या तारा नाहीत हे पाहावे.

अशा वेळी उपयोगी पडतो तो सेलवर चालणारा लहानसा ट्रान्झिस्टर. मध्यम लहरी जमिनीला, आणि खाऱ्या पाण्याला तर विशेषच, धरून दूरवर जातात. पाऊस त्यांना अडवीत नाही. गाडीचा पत्रा मात्र त्यांना अडवितो. म्हणून ट्रान्झिस्टर पत्र्याच्या कपाटात किंवा भिंतीशी न ठेवता खिडकीजवळ ठेवावा, आणि आवाज मोठा होईपर्यंत तो आडवा फिरवावा. कारण त्याच्या पोटातील ग्रहण-कांडीला दिशा असते. एफ. एम. ऐकावयाचे असल्यास दांडी सुमारे पाऊण मीटर बाहेर ओढावी. खरखर होत असेल तर इन्व्हर्टर, दिवे आणि मोबाईलचे चार्जर एकेक करून बंद करावेत. बहुधा त्यांपैकीच एखादा आवाज करीत असतो. जादा सेल कोरड्या डब्यात जवळ असावेत. वादळाची सूचना ऐकली, की समुद्रकाठचा मुक्काम हलवून गाडी आतल्या बाजूस, उंच व पक्क्या जागी न्यावी. सूचना ऐकून घ्यावयाची आणि मग वाळूतच राहावयाचे, तर ऐकण्याचा उपयोग काय?

चेन्नईस वेधशाळेची परंपराही जुनी आहे. नुंगंबाक्कम येथील मद्रास वेधशाळा १७९२ साली उभी राहिली, आणि आज त्याच परिसरात हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. तेथून निघालेली वार्ता कोळ्याच्या झोपडीपर्यंत, गच्चीवरच्या खोलीपर्यंत आणि रस्त्याकडेच्या आपल्या चाकांवरच्या घरापर्यंत वेळेवर पोहोचावी, यातच या साऱ्या काठ्या, तारा आणि तबकड्यांचे सार्थक आहे. तेव्हा चेन्नईस जाल तेव्हा मरीनावर फिरा, कपालीश्वराचे दर्शन घ्या, सायंकाळी दीपगृहावर जाऊन दूरचे क्षितिज पाहा. आणि निघण्यापूर्वी सामानाच्या यादीत होकायंत्र, ओळंबा, चिकटपट्टी व ट्रान्झिस्टर या चार वस्तू लिहिण्यास विसरू नका.